दाढीच्या साबणाने रोज चेहरा धुवावा का?

मुंबईतल्या असंख्य घरांत सकाळी एक गोष्ट सहज घडून जाते. दाढी आटोपलेली असते, गालांवर आणि हनुवटीवर थोडा फेस शिल्लक असतो, लोकल गाठायची घाई असते, आणि मग तोच फेस कपाळावर, नाकावर, मानेवर फिरवून चेहरा धुतला जातो. माझे वडील गिरगावातल्या चाळीत आयुष्यभर असेच करीत. आमच्या मोरीच्या फळीवर दाढीच्या साबणाची वडी, ब्रश आणि तुरटीचा खडा एवढाच सरंजाम असे, आणि चेहऱ्यासाठी वेगळे काही विकत आणावे ही कल्पनाच त्या घरात नव्हती. आता फेसवॉशच्या नळ्यांनी दुकानांची कपाटे भरलेली असताना तोच प्रश्न नव्याने विचारला जातो: ज्या दिवशी दाढी करायची नाही त्या दिवशीही, किंवा जिला दाढी करायचीच नाही अशा व्यक्तीनेही, चेहरा धुण्यासाठी रोज दाढीचा साबण वापरला तर चालेल का?

या प्रश्नाला दोन झटपट उत्तरे मिळतात. ‘साबण तो साबण, त्यात काय फरक’ हे एक, आणि ‘दाढीचा आहे म्हणजे चेहऱ्यासाठीच बनवलेला, तेव्हा सौम्यच असणार’ हे दुसरे. मला दोन्ही अपुरी वाटतात, कारण दोन्हींमध्ये हा साबण कोणत्या कामासाठी घडवलेला आहे याचा विचार नाही. दाढीचा साबण चेहऱ्यावर टिकून राहावा म्हणून बनवतात, तर चेहरा धुण्याचे द्रव्य मळ घेऊन चटकन निघून जावे अशी अपेक्षा असते. पुढचे सगळे विवेचन या एका फरकाभोवती फिरते.

तेल किंवा चरबी आणि तीव्र अल्कली यांची रासायनिक प्रक्रिया झाली की मेदाम्लांचे क्षार तयार होतात. त्यांनाच आपण साबण म्हणतो, आणि याच प्रक्रियेत ग्लिसरीन सुटे होते. साबणाच्या रेणूला तेलात मिसळणारी लांब शेपटी आणि पाण्यात मिसळणारे डोके असते. शेपट्या तेलकट मळात रुततात, डोकी पाण्याकडे राहतात, आणि मळाचे बारीक थेंब साबणाच्या वेष्टनात गुंडाळले जाऊन पाण्याबरोबर वाहून जातात. इथपर्यंत अंगाचा, कपड्यांचा आणि दाढीचा साबण यांत तत्त्वाचा फरक नाही. फरक पडतो तो अल्कली कोणती आणि मेदाम्ल कोणते यावर.

कॉस्टिक सोड्याने बनलेला साबण टणक होतो, तर कॉस्टिक पोटॅशने (म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडने) बनलेला मऊ आणि पाण्यात लवकर विरघळणारा होतो. दाढीच्या साबणात मुख्य मेदाम्ल असते स्टिअरिक, ज्याच्या शेपटीत कार्बनचे १८ अणू असतात. या लांब शेपटीमुळे फेस दाट, बारीक बुडबुड्यांचा आणि लवकर न बसणारा होतो. परंतु नुसत्या सोड्याने केलेला स्टिअरिक साबण गार पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून त्यात पोटॅशचा मोठा वाटा असतो. वडीमध्ये सोडा आणि पोटॅश दोन्ही असतात. नळीतल्या क्रीममध्ये बहुतेक पोटॅशच असते आणि बराच भाग पाण्याचा असतो. शिवाय पुष्कळदा थोडे स्टिअरिक आम्ल अल्कलीशी संयोग न होता मोकळे ठेवले जाते (क्रीमला मोत्यासारखी झाक येते ती यामुळेच), आणि ग्लिसरीन आवर्जून घातले जाते, कारण ते पाणी धरून ठेवते आणि फेस वाळू देत नाही.

ही सगळी रचना एका साध्या गरजेतून आली आहे. कोरडा केस कापायला कठीण असतो. दोन-तीन मिनिटे पाण्यात भिजला की तो फुगतो आणि मऊ पडतो. तेवढा वेळ पाणी गालावर धरून ठेवायचे आणि पाते फिरताना त्वचेवर निसरडा थर राहू द्यायचा, ही फेसाची दोन कामे आहेत. मळ काढणे हे त्याचे मुख्य काम नाही. साबण असल्यामुळे ते आपोआप होते.

आता त्वचेकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसापेक्षाही पातळ असतो, पण त्याची बांधणी विटांच्या भिंतीसारखी असते. मृत पेशी या विटा, आणि त्यांच्यामधला सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मोकळी मेदाम्ले यांचा स्निग्ध लेप हा त्या भिंतीचा चुना. शरीरातले पाणी बाहेर जाऊ न देणे आणि बाहेरचे जंतू व रसायने आत येऊ न देणे, ही दोन्ही कामे ही भिंत करते. साबणाला मात्र ‘हा प्रवासात चिकटलेला तेलकट मळ’ आणि ‘हा भिंतीचा चुना’ असा भेद कळत नाही. त्याच्या शेपटीला दोन्ही सारखेच प्रिय असतात. म्हणून प्रत्येक वेळी चेहरा धुताना मळाबरोबर थोडा चुनाही निघतो, आणि पुढच्या काही तासांत त्वचा तो पुन्हा भरून काढते. भरून काढण्याचा वेग निघून जाण्याच्या वेगाहून कमी पडला की चेहरा ओढल्यासारखा वाटू लागतो, त्यावर पापुद्रे दिसतात, आणि ज्या द्रव्यांनी पूर्वी काही होत नसे तीही झोंबू लागतात.

दुसरी बाब सामूची, म्हणजेच पीएचची. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती किंचित आम्लधर्मी असते. शाडे आणि मार्किओनिनी या जर्मन वैद्यकांनी १९२८ साली तिच्या या गुणाला ‘आम्लाचे आवरण’ असे नाव दिले. साबणाच्या द्रावणाचा सामू मात्र ९ ते १० असतो. सामूच्या मापनात प्रत्येक अंक दहापटीचा असल्यामुळे ५ आणि ९ यांतला फरक चार अंकांचा नसून दहा हजार पटींचा आहे. हा आम्लधर्म कशासाठी हवा? भिंतीचा चुना तयार करणारी विकरे (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणात नीट काम करतात, आणि पेशींना एकमेकींशी जोडणारे दुवे कापणारी विकरे अल्कधर्मी वातावरणात अधिक जोमाने चालतात. म्हणजे सामू वर गेला की एकीकडे बांधकाम मंदावते आणि दुसरीकडे पाडकाम वाढते. साबणाने धुतल्यावर सामू पूर्वपदावर यायला एखाद्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ लागतो. दिवसातून एकदा साबण लावणाऱ्या निरोगी त्वचेला हे झेपते. चार वेळा लावणाऱ्याला मात्र मधली उसंतच मिळत नाही.

दाढीचा साबण या बाबतीत अपवाद नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. मेदाम्लाचा क्षार हा स्वभावतःच अल्कधर्मी असतो. त्यात ग्लिसरीन घाला, लॅनोलिन घाला किंवा बदामाचे तेल घाला, तो साबण आहे तोवर त्याचा सामू त्वचेच्या सामूइतका खाली आणता येत नाही, कारण तेवढा खाली आणला तर साबण मोडून पुन्हा मेदाम्ल होते आणि फेसच उरत नाही. ‘सौम्य’, ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’ ही वेष्टनावरची विशेषणे हे रसायनशास्त्र बदलू शकत नाहीत.

तरीही सगळे साबण सारखे नसतात, आणि इथे दाढीच्या साबणाची बाजू बळकट होते. १९७९ साली फ्रॉश आणि क्लिगमन या त्वचाशास्त्रज्ञांनी बाजारातल्या निरनिराळ्या साबणांची द्रावणे माणसांच्या हातांवर काही दिवस बांधून ठेवून त्यांची दाहकता तपासली, तेव्हा साबणासाबणांत मोठा फरक आढळला. फरकाचे एक कारण शेपटीच्या लांबीत असते. खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मे लॉरिक आम्ल असते, ज्याच्या शेपटीत कार्बनचे १२ अणू असतात. त्याचा साबण भरपूर, मोठ्या बुडबुड्यांचा फेस देतो आणि मळ उत्तम काढतो, पण तो त्वचेत अधिक शिरतो व अधिक दाह करतो. स्टिअरिक आणि पामिटिक यांसारख्या लांब शेपटीच्या मेदाम्लांचे साबण तुलनेने कमी त्रासदायक असतात. दाढीच्या साबणात यांचाच भर असल्यामुळे, सामू तोच असूनही, खोबरेल तेलाचे प्रमाण जास्त असलेल्या अंगाच्या साबणापेक्षा तो चेहऱ्याला बहुधा कमी खटकतो. ‘दाढीच्या साबणाने चेहरा मऊ राहतो’ असे जे लोक म्हणतात, त्यांच्या अनुभवात तथ्य आहे. ग्लिसरीनचे श्रेय मात्र बेताने द्यावे, कारण ते पाण्यात सहज विरघळते आणि चेहरा धुताना त्यातले बरेचसे निघून जाते.

वेष्टनावरच्या टीएफएमच्या, म्हणजे एकूण मेदद्रव्याच्या, आकड्यावरून साबणाचा सौम्यपणा ठरवण्याची आपल्याकडे सवय आहे. भारतीय मानकांनुसार अंगाच्या साबणात एकूण मेदद्रव्य किमान ७६ टक्के असेल तर तो ग्रेड १, ७० टक्के असेल तर ग्रेड २ आणि ६० टक्के असेल तर ग्रेड ३ ठरतो. हा आकडा साबणात मेदद्रव्य किती आहे ते सांगतो, कोणते आहे ते सांगत नाही. म्हणून निम्मे पाणी असलेल्या दाढीच्या क्रीमची आणि ग्रेड १ च्या वडीची या आकड्यावरून तुलना करण्यात अर्थ नाही.

फेसवॉशचे काय? माझ्या मते या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट इथे आहे, आणि ती प्रत्येकाला आपल्या न्हाणीघरात उभे राहून पाहता येते. हातातली फेसवॉशची नळी उलटी करून घटकांची यादी वाचावी. त्यात स्टिअरिक, मायरिस्टिक किंवा लॉरिक आम्ल आणि त्याबरोबर पोटॅशियम हायड्रॉक्साइड अशी नावे वरच्या ओळींत असतील, तर ते द्रव्य नाव काहीही असले तरी पोटॅशचा साबण आहे, म्हणजे दाढीच्या क्रीमचा सख्खा भाऊ. घट्ट, पांढरे, भरपूर फेस देणारे अनेक फेसवॉश याच जातीचे असतात. असा फेसवॉश वापरणाऱ्याने दाढीच्या साबणाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही; उलट मायरिस्टिक आणि लॉरिकचे प्रमाण जास्त असेल तर त्याचीच नळी अधिक कोरडेपणा आणू शकते. याउलट यादीत कोकोइल आयसेथिओनेट, कोकोइल ग्लायसिनेट किंवा कोकामिडोप्रोपिल बीटेन अशी नावे असतील आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड व मेदाम्ले ही जोडी नसेल, तर ते बिनसाबणाचे द्रव्य असून त्याचा सामू त्वचेच्या जवळ ठेवता येतो. संवेदनशील त्वचेसाठी दाढीच्या साबणापेक्षा ते निःसंशय बरे.

आता साबण टिकून राहण्याच्या आणि निघून जाण्याच्या मुद्द्याकडे परत येऊ. दाढी करताना फेस तीन-चार मिनिटे गालावर असतो, आणि तो खरवडून काढणारे पाते मृत पेशींचा एक पातळ थरही सोबत नेते. चेहरा धुताना हे दोन्ही टाळायचे आहे. साबण जितका वेळ त्वचेवर राहतो तितका तो तिच्यात शिरतो, म्हणून वीस ते तीस सेकंद हलक्या हाताने फिरवून तो धुवून टाकावा. पण जो साबण टिकून राहण्यासाठी घडवलेला आहे तो निघायलाही वेळ घेतो. पहिल्या ओंजळीनंतर फेस दिसेनासा होतो, मात्र गालावर निसरडा थर उरतो. दाढी करणाऱ्याला पाते पुन्हा फिरवताना तोच थर उपयोगी पडतो. चेहरा धुणाऱ्याला तो त्रासाचा, कारण उरलेला साबण दिवसभर त्वचेवर आपला अल्कधर्मी परिणाम करत राहतो. कपाळावरची केसांची रेषा, नाकपुड्यांच्या कडा, कानांमागची जागा आणि जबड्याखालचा भाग इथे तो हमखास राहतो. पाच-सहा ओंजळी भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय हे काम पुरे होत नाही.

आणि पाणी कोणते, यालाही महत्त्व आहे. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हटलेले आठवत असेल. या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारी चिकट साय तयार होते, आणि ती बादलीच्या कडेवर जशी बसते तशीच गालावरही बसते. मुंबईत महापालिकेच्या नळाला येणारे पाणी तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, भातसा आणि वैतरणेवरच्या इतर धरणांतले, म्हणजे मूळचे पावसाचे असते, त्यामुळे त्यात साबणाला सहज फेस येतो आणि तो निघूनही जातो. पण पाणीकपातीच्या दिवसांत टँकर मागवणाऱ्या किंवा बोअरवेलचे पाणी टाकीत मिसळणाऱ्या सोसायट्यांत चित्र बदलते. त्याच साबणाने त्याच माणसाचा चेहरा मे महिन्यात खरखरीत होत असेल, तर साबण बदलण्याआधी टाकीत कोणते पाणी आले आहे ते विचारावे. धुतल्यावर बोट ओढले की ‘किर्र’ आवाज येतो, त्याला लोक स्वच्छतेची खूण समजतात; प्रत्यक्षात स्निग्धता गरजेपेक्षा जास्त गेल्याची किंवा ही साय बसल्याची ती खूण असते.

मुंबईची हवाही हिशेबात घ्यायला हवी. हवेत दमटपणा भरलेला असला की त्वचेतले पाणी कमी उडते, आणि घाम, तेल व धूळ यांमुळे चेहरा धुण्याची गरजही जास्त भासते. म्हणून जुलैमध्ये दादर स्थानकातून रोज जा-ये करणाऱ्या तेलकट त्वचेच्या तरुणाला दाढीचा साबण मुळीच त्रास देत नाही, आणि तोच तरुण डिसेंबरात नाशिकला चार दिवस राहून आला की त्याचे गाल उलतात. वडिलांच्या कपाळावर थंडीत पांढरे पापुद्रे येत, त्याचे कारण मला फार उशिरा समजले. ते हवामानाला दोष देत, पण वर्षभर चाललेल्या झिजेला थंडी फक्त उघडे पाडत होती. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वातानुकूलित कार्यालयात दिवसाचे नऊ तास बसणाऱ्यांच्या वाट्याला तर बारमाही कोरडी हवा येते.

मेन्थॉल आणि सुगंध यांच्याबद्दल थोडक्यात. मेन्थॉलमुळे त्वचा खरोखर गार होत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंच्या ग्राहकांना ते चेतवते आणि मेंदूला गारवा भासतो. डोळ्यांभोवती ते झोंबते. आठवड्यातून दोनदा गालाला लागणारा तीव्र सुगंध रोज दोनदा पापण्यांजवळ लागू लागला की ॲलर्जीची शक्यता वाढते. रोजच्या वापरासाठी बिनमेन्थॉलची, कमी वासाची वडी निवडावी. दाबून फेस येणारे डबे आणि ब्रशविना लावायची क्रीमे यांचा विचार चेहरा धुण्यासाठी करू नये. दुसऱ्या प्रकारात तर फेसाऐवजी स्निग्ध थरच ठेवायचा असतो.

काही जणांनी हा प्रयोग करूच नये. इसब किंवा रोझेशिया (चेहरा लाल होण्याचा त्वचाविकार) असलेले, मुरुमांसाठी ट्रेटिनॉइन, ॲडापलीन किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड लावणारे, स्टिरॉइड असलेली मलमे चेहऱ्यावर दीर्घकाळ चोळून त्वचा पातळ झालेले, आणि उतारवयातले कोरड्या त्वचेचे लोक यांची भिंत आधीच कमकुवत असते. मुरुमे साबणाने घासून जातील ही समजूतही सोडून द्यावी, कारण मुरुमाची सुरुवात रोमछिद्राच्या आत होते आणि साबण पृष्ठभागापुरताच पोहोचतो.

बाकीच्यांनी, विशेषतः तेलकट किंवा मध्यम त्वचा असलेल्यांनी, दिवसातून एकदा, शक्यतो संध्याकाळी बाहेरून आल्यावर, हा साबण वापरायला माझी हरकत नाही. स्त्रियांसाठीही उत्तर हेच आहे. साबणाला वापरणाऱ्याचे लिंग कळत नाही. सकाळी साध्या पाण्याने चेहरा धुतला तरी भागते. पाण्याला न जुमानणारे सनस्क्रीन किंवा जड मेकअप लावला असेल तर साबणाने जोर लावू नये. आधी थोडे तेल बोटांनी चोळून ते सैल करावे आणि मग फेस लावावा. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे हा जो क्रम आहे, त्यात हेच तत्त्व आहे: तेलातला मळ तेलाने सैल होतो आणि त्यानंतर तो उचलायला फार बळ लागत नाही. चेहरा टॉवेलने टिपून, तो ओलसर असतानाच साधे मॉइश्चरायझर लावावे.

ब्रश मात्र दाढीपुरताच ठेवावा. त्याचे केस त्वचा घासतात, आणि आठवड्यातून तीनदा ठीक वाटणारे घासणे रोज दोनदा झाले की जाच होते. शिवाय तो स्वच्छ ठेवणे सोपे नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात व नंतर काही वर्षे दूषित केसांच्या ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या, आणि ब्रिटनने १९२० साली जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली होती. तो धोका आज उरलेला नाही, पण मुंबईच्या पावसाळ्यात ओला ब्रश बंद न्हाणीघरात दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याच्या मुळाशी बुरशी धरते. तो झटकून खिडकीत उलटा टांगावा. वडीही पाणी निथळणाऱ्या जाळीवर ठेवावी, आणि फेस तळहातावर करून बोटांनी लावावा.

आपल्या त्वचेला हा साबण मानवतो का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. आधी तीन-चार दिवस जबड्याच्या कडेला, कानाजवळ थोडा फेस लावून धुवावा. तिथे खाज किंवा लाली आली नाही, तर पंधरा दिवस उजवा गाल दाढीच्या साबणाने आणि डावा नेहमीच्या द्रव्याने धुवावा. या काळात धुतल्यावर वीस मिनिटे दोन्ही गालांना काहीही लावू नये. त्या वीस मिनिटांत कोणता गाल ओढला जातो, हसताना कोणत्या बाजूला ताण जाणवतो आणि पंधराव्या दिवशी खिडकीच्या तिरप्या उजेडात कोणत्या गालावर बारीक पापुद्रे दिसतात, याकडे लक्ष द्यावे. मधेच लाली, जळजळ किंवा भेगा दिसल्या तर त्याच दिवशी थांबावे, आणि आठवडाभरात त्या निवळल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना साबणाचे वेष्टन बरोबर न्यावे, म्हणजे त्यातले घटक त्यांना वाचता येतील.